सलाम न करणारा सायकलस्वार

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

मी काट्यांचा माणूस. म्हणजे वजनकाट्यांचा. सांगलीत वडिलांचं काटे दुरुस्तीचं दुकान होतं, तिथंच शिकलो आणि १९९९ साली त्याच धंद्याच्या जोरावर इंग्लंडात लेस्टरला नोकरीला गेलो. काम असं की, खडीच्या खाणी, धान्याची कोठारं, भंगाराचे अड्डे अशा ठिकाणचे भुईकाटे प्रमाणित वजनं लावून तपासायचे आणि चुकत असतील तर जागेवर आणायचे. आता भुईकाटा काही आपल्याकडे चालत येत नाही, आपल्यालाच त्याच्याकडे जावं लागतं. त्यामुळे वर्षाला सुमारे ३५ हजार मैल, म्हणजे छप्पन हजार किलोमीटर, गाडी चालवणं होई. मी काटे दुरुस्त करणारा होतो की ड्रायव्हर होतो, हे सांगणं कठीण होतं.

२००३ साली कंपनीच्या पत्त्यावर पोलिसांचं तिसरं पत्र आलं. तीस मैलांची मर्यादा असलेल्या एका खेड्यातून मी ३८ मैलांनी गेलो होतो. तिथली पद्धत अशी की, किरकोळ वेगभंगाला दंड (तेव्हा ६० पौंड) आणि लायसन्सवर ३ पॉइंट. पैशाचं एवढं काही नाही, पण तीन वर्षांत १२ पॉइंट झाले की साधारणपणे निदान सहा महिन्यांसाठी लायसन्स जातं. वर्षाला पाच-सहा हजार मैल चालवणाऱ्या माणसाला बारापर्यंत पोचायला बरेच कष्ट पडतात. आमच्यासारख्या फिरस्त्यांना ते सहज जमतं. सहा पॉइंट आधीच होते, आता नऊ होणार. आणखी एक पत्र आलं असतं तर नोकरीही गेली असती, कारण गाडी न चालवणारा काटे-तपासनीस कंपनीला काय कामाचा?

पत्राबरोबर एक फॉर्म असतो. गाडी कोण चालवत होतं, ते लिहून सही करायची. ऑफिसातल्या एकानं मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘‘घरी बायको आहे ना? तिच्या लायसन्सवर काही नाही ना? मग?’’ बरेच जण तसं करतात, असं त्याचं म्हणणं. मी खोटं बोलत नाही, संध्याकाळी घरी जाऊन हिला विचारलं. ही तेव्हा इस्पितळात नर्स होती. तिनं पत्रावरची तारीख आणि वेळ वाचली, डबा सिंकमध्ये ठेवला आणि म्हणाली, ‘‘मंगळवारी सव्वातीनला मी वॉर्डात होते. रजिस्टरवर माझी सही आहे.’’ एवढंच. मी निमूटपणे स्वतःचं नाव लिहिलं.

या गोष्टीची किंमत मला दहा वर्षांनी कळली. ख्रिस ह्यून नावाचे ब्रिटनचे मंत्री होते. २००३च्या मार्चमध्येच एम-इलेव्हन मोटरवेवर त्यांची गाडी कॅमेऱ्यात सापडली होती, आणि ते पॉइंट पत्नीनं स्वतःच्या नावावर घेतले होते. पुढे घटस्फोट झाला, भांडण चव्हाट्यावर आलं आणि २०१३ साली दोघांनाही आठ-आठ महिन्यांची कैद झाली. ती बातमी मी हिला मोठ्यानं वाचून दाखवली. तिनं ‘हं’ म्हटलं.

तर नऊ पॉइंट लायसन्सवर घेऊन मी एक यंत्र विकत घेतलं. उपग्रहांकडून गाडीचा ठावठिकाणा कळणारं आणि पुढे कॅमेरा असला की ‘टिंग’ वाजवणारं. काचेवर चिकटवून मी एका खाणीवर गेलो. तिथला म्हातारा कारकून ते पाहून हसायला लागला. म्हणाला, ‘‘माझ्या आजोबांच्या वेळी हेच काम पोरं सायकलवरून करत.’’ मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पण लेस्टरच्या वाचनालयात जाऊन शोधलं, तर त्याचं बोलणं अक्षरशः खरं निघालं. आज सांगायचं आहे ते त्या शोधाबद्दल.

इंग्लंडात वेगाबद्दल पहिला दंड झाला तो १८९६च्या जानेवारीत. केंट परगण्यातल्या पॅडक वुड गावातून वॉल्टर अर्नोल्ड नावाचा गृहस्थ मोटार घेऊन गेला, ताशी आठ मैल वेगानं. मर्यादा होती दोन मैल! एका शिपायानं सायकलवर टांग मारून पाच मैल पाठलाग करून त्याला धरलं. वेगाबद्दल दंड एक शिलिंग. त्याच वर्षी मर्यादा वाढली आणि १९०३च्या कायद्यानं ती ताशी वीस मैलांवर गेली. मोटारी मात्र त्याच्या दुप्पट पळू शकत होत्या, आणि मोटारी होत्या फक्त श्रीमंतांकडे. धूळ उडवत, कोंबड्या चिरडत जाणाऱ्या या मंडळींवर खेड्यापाड्यांत फारसं कुणाचं प्रेम नव्हतं.

पोलिसांनी मग सापळे लावायला सुरुवात केली. रस्त्यावर एक फर्लांग, म्हणजे २२० यार्ड, मोजून ठेवायचे. दोन्ही टोकांना कुंपणाआड शिपाई आणि हातात स्टॉपवॉच. वीस मैल वेगानं एक फर्लांग जायला साडेबावीस सेकंद लागतात. त्याहून लवकर पोचला की गुन्हेगार. माझ्यातल्या काटेवाल्याला इथं पहिला प्रश्न पडला, तो घड्याळाचा. कुंपणाआडून इशारा करायचा, तो पाहून दुसऱ्यानं बटण दाबायचं, यात अर्ध्या-पाऊण सेकंदाची चूक सहज होणार. मोटारवाल्यांचीही हीच तक्रार होती. तक्रार खरी होती, पण ते निर्दोष होते असा त्याचा अर्थ नव्हे.

२९ जून १९०५ रोजी लंडनच्या ट्रोकाडेरो रेस्टॉरंटमध्ये काही मोटारवाले जमले आणि त्यांनी ऑटोमोबाईल असोसिएशन स्थापन केली. आज ती संस्था बंद पडलेल्या गाड्यांना मदत करते म्हणून सगळ्यांना माहीत आहे. तिचा जन्म मात्र सापळे चुकवण्यासाठी झाला. लंडनहून ब्रायटनला जाणारा रस्ता हौशी मोटारवाल्यांचा लाडका. तिथं सायकलस्वार नेमले. त्यांनी रस्त्यानं फिरायचं, कुंपणाआडचे शिपाई हेरायचे आणि येणाऱ्या सभासदाला हात करून सांगायचं : हळू!

प्रकरण न्यायालयात जाणारच होतं. शिपायाच्या कामात अडथळा आणल्याचा आरोप ठेवला गेला. १९०७च्या निकालसंग्रहात असलेल्या एका खटल्यात न्यायाधीशांनी इशारा देणाऱ्याला सोडलं. कारण ज्यांना इशारा दिला ते आधीच मर्यादा ओलांडून चालले होते, असं सिद्ध झालं नव्हतं. कायदा पाळणाऱ्याला ‘कायदा पाळत राहा’ म्हणणं हा गुन्हा कसा? पण १९०९च्या खटल्यात गाड्या वेगात होत्या हे सिद्ध झालं. सरन्यायाधीश लॉर्ड अल्व्हरस्टोन यांच्या न्यायालयानं ठरवलं की, गुन्हा करत असलेल्याला सापळ्याआधी सावध करणं म्हणजे पोलिसांचा पुरावा पळवून नेणं. तो अडथळाच.

म्हणजे एकच हात, एकच इशारा. समोरच्याचा वेग मर्यादेच्या आत असेल तर उपदेश, बाहेर असेल तर गुन्हा!

यावर असोसिएशननं काढलेली तोड ऐकण्यासारखी आहे. सायकलस्वारांना सांगण्यात आलं की, गाडीवर आपला बिल्ला दिसला की सभासदाला कडक सलाम ठोकायचा. आणि पुढे सापळा असेल तर? तर सलाम करायचा नाही. सभासदांना सूचना अशी की, सलाम मिळाला नाही तर गाडी थांबवून कारण विचारा. आता सलाम न केल्याबद्दल कुणाला कोर्टात कसं खेचणार? ‘याने काहीही केले नाही’ असं आरोपपत्र लिहायचं का? ही सलामाची पद्धत १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली. तोवर तिचं मूळ कारण बहुतेकांच्या विस्मरणात गेलं होतं. लोकांना ते सौजन्य वाटे.

मधली वर्षं भराभर सांगतो. १९३०च्या कायद्यानं मोटारींची वेगमर्यादा चक्क रद्द केली. १९३४ साली रस्त्यांवर ७,३४३ माणसं मेली, आणि मार्च १९३५पासून वस्तीत ताशी तीस मैलांची मर्यादा आली. ज्या मर्यादेनं मला पकडलं, ती हीच. मोटरवेवर सत्तर मैलांची मर्यादा १९६५च्या डिसेंबरात प्रायोगिक म्हणून आली आणि १९६७ला कायम झाली.

कॅमेऱ्याचा इतिहास मात्र गमतीचा आहे. मॉरिस गात्सोनिडेस हा डच शर्यतपटू. जावा बेटावर जन्मलेला हा गडी १९५३ साली माँटे कार्लो रॅली जिंकला. वळणावर आपण नेमक्या किती वेगानं जातो आणि आणखी किती वेगानं जाऊ शकतो, हे कळावं म्हणून त्यानं वेग मोजायचं यंत्र बनवलं. वेग वाढवायला बनवलेल्या त्या यंत्राच्या वंशजांनी साऱ्या युरोपचा वेग कमी केला! ब्रिटनमध्ये त्याच्या नावाचा ‘गॅट्सो’ १९९२ साली पश्चिम लंडनमध्ये ट्विकनहॅम पुलाजवळ पहिल्यांदा लागला. त्याची रचना मला, एक मापाचा माणूस म्हणून, मनापासून आवडली. आधी रडारनं वेग मोजायचा, आणि मर्यादा ओलांडली की अर्ध्या सेकंदाच्या अंतरानं दोन फोटो घ्यायचे. रस्त्यावर पांढऱ्या रेघा ठरावीक अंतरावर आखलेल्या. दोन फोटोंत गाडी किती रेघा सरकली ते मोजलं की रडारचा आकडा पडताळता येतो. मापावर दुसरं माप. तीस मैल वेगानं अर्ध्या सेकंदात गाडी ६.७ मीटर जाते आणि अडतीसनं साडेआठ मीटर. माझा सारा गुन्हा दोन मीटरही भरत नव्हता. पण मापात भरला.

आता उपग्रहांकडे येऊ. अमेरिकेची जीपीएस ही मुळात लष्करी व्यवस्था. सप्टेंबर १९८३मध्ये दक्षिण कोरियाचं प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेलं आणि पाडलं गेलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनी जाहीर केलं की, ही व्यवस्था तयार झाली की साऱ्या जगाला फुकट वापरता येईल. चोवीस उपग्रहांची ही व्यवस्था १९९५ साली पूर्ण झाली. पण सर्वसामान्यांसाठीच्या संकेतात अमेरिकेनं मुद्दाम चूक मिसळली होती. ठिकाण शंभरेक मीटरनं इकडेतिकडे दाखवलं जाई. शंभर मीटरच्या चुकीत तुम्ही मोटरवेवर आहात की शेजारच्या गल्लीत, हे यंत्राला कळणार कसं? मे २०००च्या सुरुवातीला अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशानं ही मिसळ बंद झाली. एका रात्रीत जगभरच्या यंत्रांची चूक वीस मीटरच्या आत आली. माझ्या काचेवरचं ‘टिंग’ त्या रात्रीमुळे शक्य झालं.

पुष्कळांचा गैरसमज असतो की हे यंत्र कॅमेरा ओळखतं. मुळीच नाही. रडार पकडणारी यंत्रं वेगळी. त्यांच्याविषयी ब्रिटनमध्ये बराच कज्जा चालला, १९९८ला न्यायालयानं ती वापरणं बेकायदा नाही असं म्हटलं आणि २००६च्या कायद्यात त्यांच्यावर बंदीची तरतूद झाली. उपग्रहवाल्या यंत्राला मात्र त्यातून वगळलं, कारण ते काहीच ‘पकडत’ नाही. त्याच्या पोटात फक्त एक यादी असते. कुठल्या रस्त्यावर, कुठल्या दिशेला तोंड करून कॅमेरा आहे, याची. आपण कुठं आहोत ते उपग्रहांवरून काढायचं, यादीशी ताडून पाहायचं आणि वाजायचं. यादी जुनी असेल तर यंत्र गप्प. पोलिसांची व्हॅन आज या झाडाखाली, उद्या त्या, ती यादीत कशी येणार? माझा एक सहकारी अशाच गप्प यंत्रावर विसंबून गेला आणि व्हॅनसमोर सापडला. सायकलस्वारानं सलाम केला म्हणजे सापळा नाही, असं धरून चालणाऱ्यासारखंच हे.

यंत्रातली एक गोष्ट मात्र खरोखर मोलाची होती, आणि जाहिरातीत ती खाली बारीक अक्षरात असे. यंत्र गाडीचा खरा वेग दाखवायचं. उपग्रहाच्या लहरींच्या वारंवारतेत गाडीच्या गतीमुळे सूक्ष्म फरक पडतो, त्यावरून काढलेला. सरळ रस्त्यावर, स्थिर वेगात हा आकडा फार चोख असतो. बोगद्यात किंवा जोरात ब्रेक मारताना मागे पडतो, ते सोडा. आणि गाडीचा काटा? आंतरराष्ट्रीय नियमानुसार तो खऱ्या वेगापेक्षा कमी कधीही दाखवता कामा नये. जास्त दाखवला तर चालतो, दहा टक्के अधिक ताशी चार किलोमीटरपर्यंत. त्यामुळे गाड्यांचे काटे मुद्दामच पुढे झुकवलेले असतात. काटा तीस दाखवतो तेव्हा आपण सत्तावीस-अठ्ठावीसवर असतो. वाण्याचा काटा स्वतःकडे झुकतो, हा सुरक्षेकडे. सांगलीच्या दुकानात वडिलांनी शिकवलेलं की, झुकता काटा कधी ठेवायचा नाही. इथं कायद्यानंच झुकता ठेवलेला! उपग्रहाचा आकडा मिळाल्यावर आम्ही फिरस्ते ती दोन-तीन मैलांची झुकती बाजूही वापरून टाकू लागलो. अचूक मापाचा आम्ही केलेला हा उपयोग.

आता त्या यादीबद्दल. एका संध्याकाळी डर्बीशायरमधल्या एका हॉटेलात बसून मी नवी यादी यंत्रात भरत होतो. वर्तमानपत्रात कॅमेरे कुठं लावतात याचे नियम आले होते. सरकारी योजनेत कॅमेरा वाटेल तिथं लावता येत नसे. आधीच्या तीन वर्षांत त्या तुकड्यावर ठरावीक संख्येनं जीवघेणे किंवा गंभीर अपघात झालेले असले पाहिजेत, ही मुख्य अट. मी नियम पुन्हा वाचला. म्हणजे मी यंत्रात भरत होतो ती निम्म्याहून अधिक त्या अपघातांचीच यादी होती. प्रत्येक ‘टिंग’च्या जागी कुणीतरी मेलेलं किंवा कायमचं जायबंदी झालेलं. ज्या खेड्यात माझा फोटो निघाला तिथंही. दीड-दोन वर्षं मी त्या ‘टिंग’ला पैसे वाचवणारी घंटा समजत होतो.

हीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, ‘‘मग ते आमच्याकडेच येतात की.’’ तिचा वॉर्ड हाडांचा होता.

कॅमेऱ्यांवरचा लोकांचा राग खोटा होता असं मी म्हणत नाही. २०००पासून २००७पर्यंत दंडाच्या पैशातून कॅमेऱ्यांचा खर्च भागवायची पद्धत होती, त्यामुळे ‘ही सरकारची दुभती गाय’ अशी बोंब उठली आणि ती पूर्णपणे गैर नव्हती. त्यावर उपाय म्हणून सरकारनं २००१च्या अखेरीस जाहीर केलं की, कॅमेरे भडक पिवळ्या रंगात रंगवायचे, लांबून दिसतील असे. माझ्या मते या साऱ्या इतिहासातलं सर्वांत मोठं वळण हेच. शंभर वर्षांपूर्वी ज्या सायकलस्वाराला सरकारनं कोर्टात खेचलं, त्याचंच काम सरकारनं स्वतःच्या हातात घेतलं. पकडायचं नाही, हळू करायचं आहे. चार वर्षांच्या सरकारी पाहणीत कॅमेऱ्यांच्या जागी मृत आणि गंभीर जखमींची संख्या ४२ टक्क्यांनी घटल्याचं २००५मध्ये सांगण्यात आलं. यातला बराच भाग योगायोगाचा होता, हे त्याच अहवालाच्या परिशिष्टात मान्य केलेलं होतं. वाईट वर्षानंतर आकडे आपोआपच खाली येतात. तरी काही उरतंच.

त्याच २००५ साली एक ट्रकवाला उच्च न्यायालयात सुटला. पोलिसांच्या तपासणीजवळ त्यानं समोरून येणाऱ्या गाड्यांना हात करून सावध केलं होतं. सुटण्याचं कारण? त्या गाड्या वेगात होत्या हे सिद्ध झालं नाही. शंभर वर्षांपूर्वीचाच तर्क, शब्द थोडे वेगळे.

पिवळ्या खांबापाशी ब्रेक मारायचा आणि पुढे पुन्हा पळायचं, ही सवय मोडली ती सरासरी वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्यांनी. २०००च्या सुमारास नॉटिंगहॅमच्या वर्तुळाकार रस्त्यावर ते आले. दोन कॅमेरे गाडीचा नंबर वाचतात आणि मधलं अंतर किती वेळात कापलं ते काढतात. फर्लांगाच्या दोन टोकांचे ते शिपाईच परत आले म्हणा, फक्त घड्याळ चोख झालं. तिथं यंत्राचं ‘टिंग’ बिनकामाचं. एम-वनच्या रुंदीकरणात मैलोन्‌मैल आम्ही सारे एकाच वेगानं, बैलगाड्यांच्या तांड्यासारखे चालायचो. प्रथम चिडचिड झाली. मग लक्षात आलं की घरी पोचायला चार-पाच मिनिटंच उशीर होतो.

फ्रान्सनं जानेवारी २०१२मध्ये कॅमेऱ्याची नेमकी जागा सांगणारी यंत्रं बंद केली. कंपन्यांनी तोड काढली की, नुसता ‘धोक्याचा टापू’ दाखवायचा. मोटरवेवर चार किलोमीटरचा, गावात तीनशे मीटरचा. पुन्हा एकदा न केलेला सलाम! आणि तरी मला वाटतं, नाव आधीपेक्षा खरं होतं. नेदरलँड्समध्ये याच्या उलट घडलं. टॉमटॉम कंपनीनं ग्राहकांच्या वेगाची निनावी माहिती विकली होती, ती वापरून पोलिसांनी कॅमेऱ्यांच्या जागा ठरवल्याचं एप्रिल २०११मध्ये उघड झालं. कंपनीच्या प्रमुखांना माफी मागावी लागली. सायकलस्वार आपल्या नकळत शिपायाला खबर देत होता म्हणायचा.

माझे पॉइंट एकेक करून गळले, चौथं पत्र आलं नाही. लायसन्स वाचलं यात यंत्राचा वाटा किती आणि हिच्या त्या ‘आमच्याकडेच येतात’चा किती, याचं माप माझ्याकडे नाही.

निवृत्त होऊन आम्ही सांगलीला परतलो. गेल्या वर्षी भाच्याबरोबर मुंबई-पुणे द्रुतगती मार्गानं निघालो होतो. तिथं २०२४पासून कमानींवर कॅमेरे बसले आहेत, चलन थेट मोबाईलवर येतं. भाचा विक्री प्रतिनिधी, महिन्यातून दहा-बारा फेऱ्या. डॅशबोर्डवरच्या फोनमधली बाई म्हणाली, पुढे कॅमेरा आहे. भाच्यानं ब्रेक मारला, काटा बरोबर शंभरावर आणला, कमान मागे पडली तसा पुन्हा दाबला. घाट लागला. वळणाच्या कडेला तुटलेला कठडा, त्याला बांधलेली लाल-पांढरी फीत वाऱ्यावर फडफडत होती.

‘‘इथं मर्यादा किती रे?’’ मी विचारलं.

‘‘साठ असेल, मामा,’’ तो म्हणाला. ‘‘पण फोननं अजून काही सांगितलं नाही.’’